ड्रायव्हरमध्ये एकही केफ्री नाही, तरी यूज-आफ्टर-फ्री कसा?

कुपवाड_शेड_७

नमस्कार मंडळी. मोबाईलवरून देवनागरीतच बडवतोय. फंक्शनांची नावं कानाला लागतात तशी लिहिली आहेत, समजून घ्या.

आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप. मालक, मी, सोल्डरिंगला दोन वहिनी आणि एक ट्रेनी. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही तापमान आणि आर्द्रतेची नोंद ठेवणारं डिव्हाइस बनवतो. आत एआरएम बोर्ड, त्यावर बोर्डवाल्यांनीच दिलेला लिनक्स ४.१९, आणि यूएसबीने जोडलेलं आमचं सोळा चॅनेलचं कार्ड. कार्डाचा ड्रायव्हर मी लिहिला. खरं म्हणजे आधीच्या मुलाने अर्धा लिहिला, तो पुण्याला गेला आणि उरलेला माझ्या गळ्यात आला.

दुखणं असं. लाईट गेली की स्टोरेजवाले जनरेटरवर जातात. त्या चेंजओव्हरला यूएसबी हबचा पुरवठा क्षणभर दचकतो, कार्ड सुटतं आणि लगेच परत जोडलं जातं. बोर्डाला बॅटरी आहे, तो चालू राहतो. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण कधीतरी कर्नल (लिनक्सचा गाभा) पॅनिक होतो, डिव्हाइस मुकं होतं, आणि रात्री दोनला तासगावहून फोन येतो की स्क्रीनवर चार डिग्री दिसतंय ते संध्याकाळपासून चारच आहे. वर्षभर आम्ही याला ‘पॉवरचा प्रॉब्लेम’ म्हणत होतो. कपॅसिटर वाढवले, केबल बदलली, अर्थिंगवरून मालक इलेक्ट्रिशियनशी भांडले.

गेल्या महिन्यात एका निर्यातदाराने ऑर्डर देण्याआधी सिक्युरिटी ऑडिट मागितलं. ऑडिटरने ड्रायव्हर वाचून अहवालात पहिल्याच ओळीत लिहिलं: यूज-आफ्टर-फ्री (म्हणजे सोडून दिलेली मेमरी परत वापरणं), तीव्रता जास्त, साध्या युजरला रूट, म्हणजे पूर्ण ताबा, मिळू शकतो. उपाय काय, तर ‘योग्य दुरुस्ती करावी’. धन्यवाद.

मला आधी रागच आला, कारण अख्ख्या ड्रायव्हरमध्ये केफ्री (मेमरी सोडणारं फंक्शन) हा शब्दच नाही! सगळी मेमरी डेव्हएम_केझॅलॉकने घेतली आहे. जे मी सोडलंच नाही ते सोडल्यावर मी वापरलं कसं?

म्हणून लॅपटॉपवर कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून कर्नल बिल्ड केला, कार्ड लावलं, एका टर्मिनलमध्ये रीड चालू ठेवलं आणि केबल ओढली. तिसऱ्या झटक्याला कासानने पानभर शिव्या दिल्या. वर लिहिलं होतं, रीडमधल्या म्यूटेक्स_लॉकपाशी (म्यूटेक्स म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) यूज-आफ्टर-फ्री. खाली ‘कोणी घेतली’मध्ये माझा प्रोब (कार्ड जोडलं की चालणारं फंक्शन). आणि ‘कोणी सोडली’मध्ये केफ्री, रिलीज_नोड्स, डेव्हरेस_रिलीज_ऑल, असलं काहीतरी. माझं एकही फंक्शन नाही.

आतापर्यंतचे प्रयत्न: एक, रीडच्या सुरुवातीला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा, आहे का बघितलं. फरक शून्य. दोन, स्ट्रक्टमध्ये (कार्डाची माहिती ठेवणारा मेमरीचा तुकडा) ‘गेला’ नावाचा झेंडा ठेवला, डिसकनेक्टमध्ये (कार्ड सुटलं की चालणारं फंक्शन) तो वर करतो, रीडमध्ये लॉक घेऊन तपासतो. याने पडणं कमी झालं. मालक म्हणाले झालं, पाठव. पण कासान अजून ओरडतोय.

हा कर्नलचा बग आहे का माझा? आणि झेंडा लावूनही का जात नाही? बाहेर गिऱ्हाइकांकडे अशी दीडशेच्या आसपास डिव्हाइसेस आहेत, ती सगळी काढून आणावी लागणार का, हे विचारायचीही भीती वाटते.

---

भडंग_खाऊ

बेदाण्याला कोण हॅक करणार भावा? वॉचडॉग लाव, पडलं की रीबूट, विषय संपला. ऑडिटरला पैसे घेतल्यावर काहीतरी लिहावंच लागतं.

---

कुपवाड_शेड_७

वॉचडॉग आहे की. बहुतेक वेळा तो रीबूट करून उठवतो, त्यानेच तर वर्षभर खरं दुखणं झाकलं. आणि हॅकचं म्हणाल तर डिव्हाइसवर वेबपेज आहे, ते स्टोरेजच्या वायफायवर उघडतं. व्यापारी, हमाल, ट्रक ड्रायव्हर, सगळ्यांना पासवर्ड माहीत आहे. भिंतीवर खडूने लिहिलाय.

---

मिरज_जंक्शन

खडूने लिहिलेला पासवर्ड वाचून हसले, आणि लगेच हसू थांबलं. त्यावर शेवटी येते.

मी वीस वर्षं पुण्यात बोर्ड ब्रिंग-अप आणि ड्रायव्हरचं काम केलं, आता मिरजेत घरून करते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बग तुमचाच आहे. आधीच्या मुलाचा म्हणा हवं तर.

माझं माहेर हरिपूर. आमच्या आजोबांची हळदीची पेवं होती. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते, पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड अरुंद, आत पोट मोठं. व्यापारी हळद आणून पेवात भरायचे, तोंड बुजवायचं, मालकाकडून पावती घ्यायची. वर जमीन सपाट. खाली काय आहे ते फक्त पावतीवरून कळायचं. आता समजा एका व्यापाऱ्याने माल उचलला, पेव मोकळं झालं, मालकाने ते दुसऱ्याला दिलं. पण पहिल्याच्या मुनिमाच्या खिशात जुन्या पावतीची नक्कल राहिली. तो सहा महिन्यांनी येतो, पावतीवरचा नंबर बघून पेव उघडतो आणि पोती काढायला लागतो. पेव तेच, नंबर तोच, माल दुसऱ्याचा. पेव अजून कुणाला दिलंच नसेल तर रिकामं पेव बघून परत जाईल. बहुतेक वेळा काही होत नाही म्हणता ना, ते हे.

तुमचा मुनीम म्हणजे रीड करणारा डीमन, मागे सतत चालणारा प्रोग्राम. त्याने ओपन केलं तेव्हा फाइलमध्ये स्ट्रक्टचा पत्ता ठेवला गेला, ती पावती. केबल सुटली तरी डीमनची फाइल उघडीच आहे. कार्ड गेलं म्हणून कर्नल कुणाच्या हातातली फाइल हिसकावून घेत नाही.

आता केफ्रीचं. डेव्हएमने सुरू होणाऱ्या फंक्शनांचा करार असा की ‘ही मेमरी या डिव्हाइसच्या नावावर आहे, ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की मी आपोआप सोडेन.’ प्रोब अर्ध्यात फसला तर आवराआवरीला हे फार सोयीचं आहे, म्हणून सगळे वापरतात. पण ‘डिव्हाइसपासून सुटला’ म्हणजे डिसकनेक्ट संपता संपता. फाइल किती जणांनी उघडून ठेवली आहे याच्याशी डेव्हएमला देणंघेणं नाही. केफ्री तुम्ही लिहिला नाहीत, करारावर सही केलीत. कासानच्या त्या ‘कोणी सोडली’मध्ये डेव्हरेस दिसलं की मी आधी हीच चूक शोधते, आणि बहुतेक वेळा सापडते.

झेंडा का चालत नाही? झेंडा कुठे आहे? स्ट्रक्टमध्ये. लॉक कुठे आहे? त्याच स्ट्रक्टमध्ये. म्हणजे पेव मोकळं झाल्याची चिठ्ठी तुम्ही पेवाच्या आत ठेवलीत, आणि ती वाचायला पेव उघडावंच लागतंय. कासान बरोबर म्यूटेक्स_लॉकच्याच ओळीवर बोट ठेवतोय बघा. पडणं कमी झालं कारण सोडलेल्या मेमरीत जुना मजकूर थोडा वेळ तसाच पडून असतो, झेंडा वर केलेलाही तिथेच असतो. दुसऱ्या कुणी ती जागा घेईपर्यंत तो तुम्हाला खरं सांगतो. ही दुरुस्ती धोक्याची यासाठी की आता बग लवकर दिसणार नाही आणि आहे तेवढाच राहील. मालकांना सांगा, पाठवू नका.

मग करायचं काय. जोपर्यंत एकाच्याही हातात पावती आहे तोपर्यंत पेव दुसऱ्याला द्यायचं नाही. यासाठी कर्नलमध्ये केरेफ आहे, म्हणजे किती जण वापरताहेत त्याची मोजणी. डेव्हएम_केझॅलॉक काढून साधा केझॅलॉक करा. प्रोबमध्ये केरेफ_इनिट, म्हणजे मोजणी एकपासून सुरू. ओपनमध्ये केरेफ_गेट, फाइलच्या रिलीजमध्ये (ती बंद होताना) केरेफ_पुट, डिसकनेक्टच्या शेवटी प्रोबचा वाटा म्हणून एक केरेफ_पुट. शेवटचा जो पुट करेल त्याच्या हातून मेमरी सुटेल, मग ते डिसकनेक्ट असो की डीमन. यूएसबी डिव्हाइसचा पॉइंटर ठेवत असाल तर त्यालाही यूएसबी_गेट_डेव्ह करा आणि सोडणाऱ्या फंक्शनमध्येच परत द्या.

तुमचा झेंडा टाकू नका, तो आता कामाचा होईल. मेमरी जिवंत आहे याचा अर्थ कार्ड जोडलेलं आहे असा नाही. रीडने लॉक घ्यायचं, झेंडा बघायचा, वर असेल तर ईनोडेव्ह (‘डिव्हाइस नाही’ हा एरर) परत करून बाहेर. आधी चूक झेंड्याची नव्हती, जागेची होती.

डिसकनेक्टमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी मिस्क_डीरजिस्टर, म्हणजे नवे ओपन बंद. तुम्ही मिस्क डिव्हाइस वापरताय असं धरते. मिस्कचा ओपन आतून स्वतःचं एक लॉक धरूनच तुमचा ओपन बोलावतो आणि डीरजिस्टरही तेच लॉक घेतो, म्हणून डीरजिस्टर परतलं की नवा कुणी आत येऊ शकत नाही. हे नसतं तर ‘शोधला पण अजून मोजला नाही’ या फटीत परत तोच बग झाला असता. साधा कॅरेक्टर डिव्हाइस असेल तर ती फट तुम्हालाच बुजवावी लागेल. त्यानंतर झेंडा, मग वाट बघत झोपलेल्या रीडरना वेक_अप. वेट_इव्हेंटच्या अटीत झेंडा घालायला विसरलात तर ते उठतील, डेटा नाही म्हणून परत झोपतील, आणि त्यांना कुणी कधी उठवणार नाही.

कर्नलच्या सोर्समध्ये ड्रायव्हर्स, यूएसबी या फोल्डरात यूएसबी-स्केलेटन नावाची फाइल आहे. नमुना म्हणूनच ठेवलेली. त्यात केरेफ, म्यूटेक्स, झेंडा, सगळं आहे. एकदा शांतपणे वाचा. आधीच्या मुलाने ती वाचली असती तर हा धागाच निघाला नसता.

आता भडंग साहेबांसाठी. बेदाण्याला कुणी हॅक करत नाही हे खरं. पण डिव्हाइसवर वेबपेज आहे, वायफायवर वीस जण आहेत. उद्या वेबपेजमध्ये फालतू चूक निघाली आणि कुणी आत आलं, तर तो वेबसर्व्हरच्या साध्या युजरच्या हक्काने येईल. तिथून पुढचं दार म्हणजे हा ड्रायव्हर. तुमच्या स्ट्रक्टमध्ये डिलेड वर्क (नंतर करायला रांगेत ठेवलेलं काम) आहे ना? त्यात फंक्शनचा पॉइंटर असतो. सोडलेल्या जागेवर मुद्दाम आपला मजकूर आणून बसवता आला की कर्नल तो पत्ता खरा मानून तिकडे उडी मारू शकतो. आणि केबल ओढायला माणूस लागतोच असं नाही. यूएसबीचा डिव्हाइस नोड सगळ्यांना लिहिता येत असेल तर प्रोग्रामातूनही रीसेट मारता येतो, आणि रीसेटच्या आधी-नंतरची फंक्शनं ड्रायव्हरने दिली नसतील तर कर्नल त्याला सोडवून परत जोडतो. म्हणजे पुन्हा डिसकनेक्ट. यूडेव्हच्या (डिव्हाइस नोडचे हक्क ठरवणाऱ्या) नियमात ०६६६, म्हणजे सगळ्यांना लिहायची मुभा, असं लिहिलं आहे का ते बघा. पैज लावते, लिहिलं असेल.

---

कुपवाड_शेड_७

ताई, पैज जिंकलात. ०६६६ आहे. तेही ‘परमिशनचा एरर येतो’ म्हणून मीच केलं होतं. आता वेगळा ग्रुप करून ०६६० केलं.

पेवाचं ऐकून मालक खूश झाले, त्यांच्या वडिलांचीही हरिपूरला पेवं होती म्हणे, २००५ च्या पुरात पाणी शिरलं. त्यानंतर अर्धा तास कर्नल सोडून तेच बोलत होते.

केरेफ लावलं. कासान गप्प झाला! पण आता नवीनच. केबल ओढली की कधीकधी सगळं जागच्या जागी अडकतं. पॅनिक नाही, काही नाही. डिसकनेक्ट परत येतच नाही. आगीतून फुफाट्यात आलो.

---

मिरज_जंक्शन

डिसकनेक्टमध्ये म्यूटेक्स धरून कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक बोलावलंय का? सिंक म्हणजे चालू असलेलं वर्क संपेपर्यंत थांबणार. वर्क त्याच म्यूटेक्ससाठी थांबलंय. दोघं एकमेकांची वाट बघत बसलेत, आधी आप म्हणत.

म्यूटेक्स फक्त झेंडा वर करण्यापुरतं धरा, सोडा, आणि मग वर्क कॅन्सल करा. रीड किंवा आयऑक्टल (युजरचे खास हुकूम घेणारं फंक्शन) जर ते वर्क परत रांगेत लावत असेल तर तिथेही आधी झेंडा तपासायचा, नाहीतर कॅन्सल झाल्यावर मागच्या दाराने ते पुन्हा येईल. आणि कासानसोबत लॉकडेपही चालू करा, कॉन्फिगमध्ये प्रूव्ह_लॉकिंग. प्रत्यक्ष अडकायची वाट न बघता तो क्रमावरूनच सांगतो की इथे कधीतरी अडकाल.

---

सातारी_सर्व्हर

मिरजेच्या मॅडमनी ड्रायव्हरचं सगळं सांगितलंय, त्यात माझी अक्कल पाजळत नाही. मी साताऱ्यात सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे माझी नजर ‘४.१९’ या आकड्यावर अडकली.

यूनेम मारून पूर्ण आवृत्ती सांगा. बोर्डवाले बहुतेक करून सुरुवातीचा कुठलातरी घेतात आणि तिथेच थांबतात. ४.१९ ही मालिका २०१८ मध्ये आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ४.१९.३२५ वर तिची देखभाल बंद झाली. म्हणजे तुम्ही तुमच्या ड्रायव्हरमधलं एक भोक बुजवताय, ते बुजवायलाच हवं, पण खालची जमीन कित्येक वर्षं कुणी लिंपलेली नाही.

ऑडिटर पुढच्या वेळी म्हणेल, सीव्हीईची, म्हणजे नंबर दिलेल्या जाहीर सुरक्षा-चुकांची, यादी द्या आणि एकेकावर काय केलं ते लिहा. या सापळ्यात जाऊ नका. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर देतात, आणि त्यांचं म्हणणं असं की कर्नलमधला जवळपास कुठलाही बग कुणासाठी तरी सुरक्षेचा बग ठरू शकतो. त्यामुळे स्टेबलमध्ये (आधीच्या मालिकांना दुरुस्त्या देणारी शाखा) आलेल्या दुरुस्त्यांना ढिगाने नंबर मिळतात. त्यातले आपल्याला लागू कुठले ते निवडून एकेक पॅच उचलत बसलात तर बेदाण्याचा हंगाम निघून जाईल. स्टेबल पूर्ण घ्या, तपासा, पाठवा.

निवडून घेण्यात धोका काय, याची मला पटलेली गोष्ट म्हणजे डर्टी पाइप नावाचा कर्नलचा बग. एका होस्टिंग कंपनीत मॅक्स केलरमन नावाच्या प्रोग्रामरकडे तक्रार आली की ग्राहकाची ॲक्सेस लॉगची जीझिप फाइल उघडत नाही, शेवटचं चेकसम (फाइल बिघडली का ते सांगणारा आकडा) चुकतंय. एप्रिल २०२१. त्याने हाताने चेकसम दुरुस्त केलं आणि तिकीट बंद केलं. आपणही तेच केलं असतं. पण तेच परत परत यायला लागलं, आणि बहुतेक फायली महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या. खणत खणत तो कर्नलच्या पाइपपर्यंत, म्हणजे एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याला देणाऱ्या नळीपर्यंत, पोचला. पाइपच्या बफरमध्ये फ्लॅग्ज नावाचा एक आकडा, तो नव्याने भरताना शून्य करायचा राहिला होता, त्यामुळे आधीच्या वापराचा फ्लॅग तसाच उरायचा. त्यातून ज्या फाइलला फक्त वाचायचा हक्क आहे तिच्या कर्नलमधल्या प्रतीत लिहिता येत होतं. दुरुस्ती किती? दोन फंक्शनांत एकेक ओळ, फ्लॅग शून्य कर. फेब्रुवारी २०२२ मध्ये कळवलं, तीन दिवसांत स्टेबलमध्ये दुरुस्ती, ७ मार्चला जाहीर. तुमच्या ४.१९ ला तो लागू नाही, ५.८ पासूनचा होता. पण बघा, तुमचा ‘पॉवरचा प्रॉब्लेम’ आणि त्याचं ‘बिघडलेलं जीझिप’, दोन्हीकडे कुणीही सिक्युरिटी हा शब्द उच्चारला नव्हता.

आणि दुरुस्ती अर्धी राहण्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. डर्टी काऊ नावाचा बग ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला. २००७ च्या २.६.२२ पासून आत होता. त्या पॅचच्या मजकुरात खुद्द लिनस टोरवाल्ड्सने लिहिलंय की हा जुना बग आहे, अकरा वर्षांपूर्वी मीच तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, वाईट पद्धतीने, आणि एका वेगळ्या प्रोसेसरवर अडचण आल्याने तो काढून टाकावा लागला. एवढं होऊन २०१६ च्या दुरुस्तीतही मेमरीच्या मोठ्या पानांच्या बाबतीत एक फट राहिली, ती २०१७ च्या शेवटी सापडली.

माझा सल्ला, ६.१ किंवा ६.६ च्या दीर्घकालीन मालिकेवर जा. ड्रायव्हर थोडा बदलावा लागेल, डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे आहे याची यादी) जास्त त्रास देईल. महिनाभर जाईल. मालकांना पेवाच्याच भाषेत समजवा.

---

कुपवाड_शेड_७

सर, यूनेम मारलं. ४.१९.३५. बोर्डवाल्यांना मेल केला होता, उत्तर आलं की नवीन बोर्ड घ्या, त्यावर नवीन कर्नल आहे.

---

सातारी_सर्व्हर

३५ आणि ३२५. मधला एक आकडा गळालाय म्हणून सोडून द्यायचं.

बाहेरच्या दीडशेंबद्दल: गाडी काढून गावोगाव फिरू नका, आणि एका रात्रीत सगळ्यांना अपडेटही मारू नका. डिव्हाइसच्या स्टोरेजमध्ये दोन पार्टिशन करायला जागा आहे का? असेल तर नवा कर्नल रिकाम्या पार्टिशनवर टाका आणि यू-बूटमध्ये (कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) बूटकाउंट लावा. ठरलेल्या वेळा प्रयत्न करून नवा उठला नाही तर तो आपोआप पर्यायी बूट कमांडवर, म्हणजे जुन्या कर्नलवर परत जातो. मात्र ‘उठला’ म्हणजे कर्नल उठला असं धरू नका. डीमनने सोळाही चॅनेल एकदा वाचले की मगच काउंटर शून्य करायचा. नाहीतर कर्नल मस्त चालू आणि तापमान येतच नाही, अशी अवस्था ‘यशस्वी’ म्हणून नोंदली जाईल.

---

मिरज_जंक्शन

सर, काउंटरचं फार बरोबर सांगितलंत. अनुभवाचे बोल दिसतात.

कुपवाड, तुम्ही मला मेसेजमध्ये आयऑक्टलचं फंक्शन पाठवलंत, ते इथेच बोलू या, इतरांनाही उपयोग होईल. दोन गोष्टी दिसल्या, ऑडिटरने एकही लिहिलेली नाही.

पहिली, चॅनेलची माहिती परत देता ते स्ट्रक्ट. त्यात आधी एक बाइटचा चॅनेल नंबर, मग चार बाइटचं तापमान. कंपायलर मधे तीन बाइटची रिकामी जागा सोडतो. तुम्ही स्ट्रक्ट स्टॅकवर घेतलंत, दोन्ही रकाने भरलेत आणि कॉपी_टू_यूजरने सगळं बाहेर पाठवलंत. ते तीन बाइट कुणीच पुसले नाहीत, त्यात कर्नलच्या स्टॅकवरचा आधीचा कचरा आहे. तीन बाइट म्हणून हसू नका, हजार वेळा विचारलं की कचऱ्यातून कर्नलचे पत्ते जुळवता येऊ शकतात. भरण्याआधी मेमसेट करा, म्हणजे सगळी जागा शून्याने पुसा. सुरुवातीला महिरपी कंसात शून्य लिहून भागेल असं वाटतं, पण मधल्या जागा त्याने नक्की पुसल्या जातातच अशी खात्री नाही. मेमसेटच.

दुसरी जास्त वाईट. कॅलिब्रेशनचा तक्ता घेताना तुम्ही आधी युजरकडून लांबी वाचता, ती सोळाच्या आत आहे का तपासता, त्या हिशोबाने मेमरी घेता. इथपर्यंत उत्तम. मग अख्खं स्ट्रक्ट पुन्हा युजरकडून कॉपी करता आणि लूप फिरवताना त्या दुसऱ्या प्रतीतली लांबी वापरता. दोन वाचनांच्या मधे युजरच्या दुसऱ्या थ्रेडने लांबी सोळाची सोळाशे केली तर? वजनकाट्यावर एक पोतं दाखवलं आणि गाडीत दुसरं भरलं. युजरच्या मेमरीतून कुठलीही गोष्ट एकदाच वाचायची, आपल्याकडे आणायची, तीच तपासायची आणि तीच वापरायची.

ही दोन आणि आधीची यूज-आफ्टर-फ्रीची, असे तिन्ही वेगवेगळे पॅच करा, एकात कोंबू नका. प्रत्येकाच्या वर चार ओळी मराठीत लिहिल्या तरी चालेल: काय चुकत होतं, कोण ते घडवू शकतो, का असं दुरुस्त केलं, आणि कुठल्या कमिटने (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाने) ही चूक आत आली. मुख्य कर्नलमध्ये ‘फिक्सेस’ म्हणून ती शेवटची ओळ लिहितात, स्टेबलवाल्यांना त्यावरून कळतं की दुरुस्ती मागे कुठपर्यंत न्यायची. तुम्हाला कळेल की कुठल्या बॅचची डिव्हाइसेस आधी गाठायची.

---

कुपवाड_शेड_७

उशीर झाला, तीन आठवडे इथे आलो नाही. हिशोब देतो.

तीन पॅच केले. चूक आत आलेली कमिट शोधली तेव्हा पॉइंटरची आधीच्या मुलाची निघाली, पण दोनदा वाचण्याची माझीच. ताई, तुम्ही सांगितलेला वर्कचा डेडलॉक लॉकडेपने पहिल्याच केबलला दाखवला. त्यानंतर ट्रेनीने रिलेला यूएसबीचा पुरवठा जोडून रात्रभर चालू-बंद करणारी जोडणी केली. सकाळी दोन हजारांच्या वर डिसकनेक्ट झाले होते, कासान आणि लॉकडेप दोघंही गप्प. डीमनही बदलावा लागला. ईनोडेव्ह आला की तो आधी त्याच मेलेल्या फाइलवर सेकंदाला शंभर वेळा रीड मारत बसायचा, आता बंद करून परत उघडतो.

सर, ६.६ टेबलावर उठलाय, डिस्प्ले सोडून सगळं चालतं. तोवर ४.१९.३५ वरून ४.१९.३२५ वर आणलं. बोर्डवाल्यांच्या पॅचांमुळे अकरा ठिकाणी गुंता झाला, नऊ सोडवले, दोन ठिकाणी त्यांनी फक्त प्रिंट घातले होते ते उडवले.

बाहेरच्यांत आधी जुन्या बॅचची पाच डिव्हाइसेस घेतली. पहिलं तासगावजवळचं, कारण रात्री दोनचे फोन तिथूनच यायचे. सोमवारी स्वतः गेलो. अपडेट झालं, काउंटर शून्य झाला, सोळा चॅनेल दिसले. म्हटलं आता खरी परीक्षा, आणि तिथल्या ऑपरेटर मामांना सांगितलं, लाईट पाडून जनरेटरवर घ्या. घेतलं. कार्ड सुटलं, जोडलं, नोंद चालू. परत घ्या म्हटलं, परत घेतलं. तिसऱ्यांदाही व्यवस्थित. चौथ्यांदा म्हटल्यावर मामा खुर्चीवरून उठलेच नाहीत. म्हणाले, डिझेल काय तुझा कर्नल घालणार हाय व्हय?

भिंतीवरचा पासवर्ड मात्र पुसून आलो. मामांनी आता तो कॅलेंडरवर लिहिलाय.